निमुळत्या सिगार्स घेताना काय बघायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: काका नमस्कार. माझे सासरे पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. वर्षातून दोन-तीनदा, दिवाळीत किंवा घरात मोठं कार्य असलं की एखादी चांगली सिगार ओढतात, बाकी कसलं व्यसन नाही. मेव्हणा दुबईहून येतोय, म्हटलं त्याच्याकडून हातानं वळलेल्या चांगल्या सिगार्सचा बॉक्स मागवू. दुकानदारानं फोटो पाठवले तर टोकदार तोंडाच्या सिगार्स सरळवाल्यांपेक्षा महाग निघाल्या. पिरॅमिड, टॉर्पेडो, बेलिकोसो, परफेक्टो, वाचून डोकं गरगरलं. नुसत्या आकाराचे एवढे पैसे का? आणि घ्यायची तर कुठली?
– एक जावई, पुणे

उत्तर: जावईबापू, घ्यायच्या आधी एक सांगतो आणि मनापासून सांगतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, असं अजिबात नाहीये. निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सिगारनंही होतो. एका मोठ्या सिगारमधे सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. सासऱ्यांना बीपी किंवा हार्टचा त्रास असेल, किंवा त्यांनी मधे सोडली असेल, तर भेट म्हणून परत हातात देऊ नका, एखादं घड्याळ घ्या. ते आपल्या मर्जीनं वर्षाला दोन-तीन ओढतातच असं असेल तर पुढचं वाचा.

आकाराचे पैसे का, ते मला एका बाकाजवळ उभं राहिल्यावर कळलं. मी मर्चंट नेव्हीत होतो, हवानाला उतरलो तेव्हा ओळखीनं एका वळणाऱ्या बाईंचं काम तासभर बघायला मिळालं. आतलं पान, ज्याला तिथे त्रिपा म्हणतात, त्या एकेक पान हातात दुमडून एकावर एक रचत होत्या, आपल्याकडे साडीच्या निऱ्या घालतात ना अगदी तसं, म्हणजे मधून हवेला वाट राहते. त्यावर बांधायचं पान कापोते आणि सगळ्यात वर दिसणारं देखणं पान कापा. सरळ सिगारला तोंडाशी पानाची छोटी गोल टोपी चिकटवली की झालं. पण निमुळतीला जसजसं टोकाकडे जाल तसतसं आतलं पान कमी करत न्यावं लागतं, नेमकं किती खुडायचं हे फक्त बोटांना कळतं. थोडं जास्त राहिलं तर टोकाशी बूच बसतं आणि धूर येतच नाही, जास्त खुडलं तर टोक पोकळ, ओठात धरलं की चेपतं. मग वरचं पान ताणून चक्राकार फिरवत थेट अणीपर्यंत न्यायचं आणि वनस्पतीचा डिंक लावून बंद करायचं. हे काम नवख्यांना देत नाहीत, अनुभवी हातांनाच देतात, आणि त्या हातांनीही दिवसाला सरळ सिगारपेक्षा कमीच होतात. तुम्ही जे जादा पैसे देताय ते या कामाचे. सोलापूरला मी विड्या वळणाऱ्या बायकांचे हात बघितलेत, विडीसुद्धा निमुळतीच असते, आणि तो वेग बघून छाती दडपते, पण त्या कामाला मिळणारा मान आणि दाम या सिगारवाल्यांच्या जवळपासही नाही याचं मला वाईट वाटत आलंय.

आता नावं. सरळ नळीसारखी ती पारेहो आणि बाकी सगळ्या वेड्यावाकड्या आकारांना मिळून फिगुरादो. त्यात एका बाजूला टोक, दुसरी बाजू मोकळी आणि पायाकडे, म्हणजे पेटवायच्या तोंडाकडे, हळूहळू रुंद होत जाते ती पिरॅमिड. टॉर्पेडोचा जुना अर्थ वेगळा होता, मधे फुगीर आणि पाय बंद, पण आज दुकानात टॉर्पेडो म्हणून जे देतात ते बहुतेक पिरॅमिडसारखंच असतं. बेलिकोसो म्हणजे तेच पण बुटकं आणि टोक जरा गोलसर. परफेक्टो दोन्हीकडे निमुळती, सालोमोन हा तिचाच थोराड भाऊ. नावांवर फार जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपल्या मनाप्रमाणे वापरते. लांबी आणि रिंग गेज विचारा. रिंग गेज म्हणजे जाडी, इंचाचे ६४ भाग करून त्यातले किती. ५२ रिंग म्हणजे ५२/६४ इंच, साधारण २०.६ मिमी.

टोकामुळे चव बदलते का? चव तंबाखूची असते, आकार ती निर्माण करत नाही. पण अरुंद तोंडातून धूर एकवटून जिभेवर येतो आणि किती मोकळा ओढायचा ते कापताना तुमच्या हातात राहतं, हे फायदे खरे आहेत. म्हणून मी म्हणतो, दिसायला रुबाबदार आहे म्हणून निमुळती घेऊ नका, टोक नीट वळलंय का हे बघता येत असेल तरच घ्या. मेव्हण्याला सांगा, दुकानात सुटी एक मागून घे आणि पायापासून टोकापर्यंत दोन बोटांत अगदी हलके दाबत जा. मधे गाठ लागली किंवा एकदम मऊ खड्डा लागला तर नको. टोकाशी मात्र नीट थांब, तिथे दगडासारखं कडक लागलं तर बूच असण्याची शक्यता खूप. टोकावरच्या पानाचे वेढे सारख्या अंतरावर हवेत, चीर किंवा डिंकाचा डाग नको. आणि बॉक्सच्या आधी त्याच सिगारच्या दोन सुट्या आणायला सांगा, एक सासऱ्यांना आधीच ओढू दे, सरप्राइज गेलं तर गेलं.

कुठली, म्हणाल तर क्यूबाची मॉन्टेक्रिस्टो नंबर २ हा या आकाराचा नमुनाच मानतात. ब्रँड १९३५ चा, सिगार १५६ मिमी लांब, ५२ रिंग, चांगली तासभर चालते. मध्यम ते कडक. मला ती आवडते, पण एका बॉक्समधे दोन-तीन घट्ट ओढाच्या निघालेल्या मी स्वतः अनुभवल्यात. निकाराग्वाची ओलिव्हा सेरी व्ही मेलानियो फिगुरादो बघा, सिगार अफिसिओनादो मासिकानं २०१४ ला तिला वर्षातली पहिली ठरवली होती. सासऱ्यांना कडक चालत नसेल तर डॉमिनिकन रिपब्लिकची, वर फिकट कनेक्टिकट शेड पान असलेली पिरॅमिड घ्या, पहिल्या झुरक्याला ठसका लागणार नाही. क्यूबाच्याच कोहिबा ब्रँडच्या मागे लागू नका, २०२२ ला जगभर त्यांचे भाव एवढे वाढवले की त्या पैशात दुसरे उत्तम बॉक्स येतील.

आणि नकलीपासून सांभाळा. हवानालाच रस्त्यात एकानं मला गाठलं होतं, माझा भाऊ फॅक्टरीत आहे, आतला माल आहे म्हणाला, आणि मी बॉक्स घेतला. घरी येऊन एक उभी चिरली तर आत लांब पान नव्हतंच, नुसता चुरा आणि देठांचे तुकडे. वडिलांसाठी आणला होता तो बॉक्स, मला फार लागलं ते. तेव्हा अधिकृत दुकानच हवं, बिल हवं. क्यूबन बॉक्सच्या तळाशी कोरलेलं हेचो एन कूबा, म्हणजे क्यूबात केलेलं, आणि तोतालमेंते आ मानो, म्हणजे पूर्ण हातानं केलेलं, हे बघायचं (हे दुसरं १९८९ पासून टाकतात), शिवाय फॅक्टरीचा कोड आणि महिना-वर्षाचा शिक्का. काचेच्या झाकणाचा कोहिबा बॉक्स कुणी दाखवला तर सरळ निघून या, कंपनी तसला बॉक्स बनवतच नाही. विमानातून येताना २०१६ च्या बॅगेज नियमांत एका माणसाला २५ सिगार्सपर्यंत सूट होती, म्हणजे २५ चा एकच बॉक्स, पण निघण्याआधी कस्टम्सच्या साइटवर ताजा नियम बघून घ्या.

प्रश्न: काका मला मित्रानं टॉर्पेडो दिली, मी गोल सिगारसारखी कापली तर सगळं पान सुटत गेलं. अजून एक शिल्लक आहे, कशी कापू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुम्ही फार खालून कापलीत. टोकावरचं पान वेढे घेत घेत वर गेलेलं असतं, ते वेढेच सगळे कापून टाकले तर धरून ठेवायला काही उरत नाही. दुहेरी पात्याचा कटर घ्या, धार चांगली हवी, आणि अणीपासून फक्त ३-४ मिमी, एका झटक्यात. न पेटवता ओढून बघा. घट्ट वाटली तर अजून एक-दोन मिमी, असं करत जा, कापलेलं परत चिकटत नाही. भोक पाडायचा पंच निमुळत्या टोकाला चालत नाही. अर्ध्यावर आल्यावर तोंडाशी कडवटपणा जाणवला तर ते टोकात साचलेलं डांबर, तेवढा ओला भाग पुन्हा जरासा कापा, चव सुधारते. ही सोय सरळ सिगारला इतकी नाही.

प्रश्न: दोन्हीकडे टोक असलेली परफेक्टो पेटवायची कुठून? आणि पेटवल्यावर धूरच येत नाही, खराब आहे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: खराब नाहीये, थांबा थोडं. कापायचं ते डोकं, म्हणजे बहुतेक करून बँडच्या, त्या कागदी पट्टीच्या, जवळचं टोक. पायाकडच्या टोकाला बारीक तोंड असतं ते तसंच ठेवायचं, ते कापू नका, आणि तिथून पेटवायची. काडी पुरते, जेट लायटर लावून जाळू नका. सुरुवातीला जळणारा भाग बारीक म्हणून ओढ घट्ट, आणि तिथे आतल्यापेक्षा वरच्या पानाचीच चव जास्त लागते. एक-दीड सेंमी जळून जाडीला पोचली की एकदम मोकळी होते आणि चवही भरते. मला हा बदल फार आवडतो, एकाच सिगारमधे एवढा फरक सरळ आकारात मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असले दोन टोकांचे आकार जोरात होते, मग सरळ सिगारनं त्यांना मागे टाकलं. १९९६ ला क्यूबानं कुआबा नावाचा ब्रँड काढला, त्यात सगळ्या दोन्हीकडे निमुळत्या. कुआबा हा तिथल्या मूळच्या ताइनो लोकांचा शब्द, चटकन पेटणाऱ्या एका झुडपाचं नाव. नव्यानं बघायची तर त्यातली छोटी घ्या, किंवा आर्तुरो फुएन्तेची शॉर्ट स्टोरी, चार इंची, ४९ रिंग, वर कॅमरूनचं पान.

प्रश्न: आपल्याकडच्या चिरूटला सिगार म्हणायचं का? आजोबा त्रिचीचे चिरूट ओढायचे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: म्हणायला हरकत नाही, पण जात वेगळी. चिरूट हा शब्द तमिळ सुरुट्टुवरून आला, अर्थ गुंडाळी. चिरूटची दोन्ही तोंडं मोकळी, टोपी नाही, त्यामुळे कापायची गरजच नाही. त्रिची आणि दिंडिगलचा तो धंदा एकेकाळी पार इंग्लंडपर्यंत पोचला होता. आजोबांची डबी घरात असेल तर जपून ठेवा.

प्रश्न: पावसाळ्यात माझ्या पिरॅमिड सिगार्स फुगून पायाकडून तडकल्या आणि दोनांना टाचणीएवढी भोकं पडली. ह्युमिडॉर (सिगारसाठीची ओलावा राखणारी पेटी) परवडत नाही. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: रत्नागिरीत जून-जुलैला हवेत ८०-९० टक्के ओलावा, आणि सिगारला हवा ६५ ते ७०. निमुळत्या आकाराचा रुंद पाय जास्त पाणी पितो आणि फुगला की वरचं पातळ पान फाटतं. ह्युमिडॉर नको, रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा नवा कोरा आणा, मसाल्याचा वापरलेला नको, आणि त्यात दुतर्फा ओलावा धरणारं ६५ टक्क्यांचं पाकीट ठेवा. ते जास्तीचं शोषतं, कमी पडलं तर सोडतं. सिगार्सच्या बॉक्समधल्या सीडरच्या चकत्या पण टाका. डबा घरातल्या सगळ्यात थंड कपाटात ठेवा, डांबर गोळ्या असलेल्या नाही.

भोकं म्हणजे तंबाखूचा भुंगेरा, हळकुंडाला आणि मिरचीला लागतो तोच. अंडी पानात आधीपासून असू शकतात, साधारण २५ डिग्रीच्या वर गेलं की बाहेर येतात. भोकं पडलेल्या दोन टाकून द्या. उरलेल्या सगळ्या एकात एक अशा दुहेरी पिशवीत हवा काढून बंद करा, एक दिवस फ्रिजमधे, मग तीन दिवस फ्रीझरमधे, परत एक दिवस खाली फ्रिजमधे आणि मग डब्यात. फ्रीझरमधून एकदम बाहेर काढू नका, पान तडकतं. डबा आणि सीडर पण झटकून पुसून घ्या, आणि पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा डब्याच्या तळाशी बारीक भुकटी दिसतेय का ते बघा, दिसली तर हे सगळं पुन्हा करा.