सॉसेज ग्रेव्हीत साय घालू नका

अमेरिकेच्या दक्षिणेकडे, अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पट्ट्यात, सकाळी गरम बिस्किट फोडून त्यावर पांढरी, मिरीदार सॉसेज ग्रेव्ही ओततात. तिथलं बिस्किट म्हणजे लोणी घातलेला, पापुद्र्यांचा, मऊ छोटा पाव. लाकूडकटाईच्या छावण्यांमधल्या मजुरांचं हे खाणं, म्हणून तिचं एक नाव सॉमिल (लाकूड कापायची गिरणी) ग्रेव्ही. थोडं मांस, त्याचीच चरबी, पीठ आणि दूध एवढ्यावर दिवसभराच्या कष्टाची सोय व्हायची. या ग्रेव्हीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : ताई, इथल्या डायनरमध्ये ही ग्रेव्ही काय सुरेख दाट मिळते! घरी मात्र एकदा पाणीदार होते, तर एकदा खळीसारखी घट्ट. क्रीम घालू, चीज घालू की कॉर्नफ्लोअर? (रॅली, नॉर्थ कॅरोलायना)

तिन्हीतलं काहीच नको. या ग्रेव्हीचा मऊ दाटपणा सॉसेजची चरबी, मैदा आणि दूध एकत्र नीट शिजल्यामुळे येतो. क्रीम घातलं की सेज (एक सुगंधी पाला) आणि मिरीची चव दबते, चीजने तार येते, कॉर्नफ्लोअरने चकचकीत जेलीसारखा पोत येतो.

चार माणसांसाठी 450 ग्रॅम ब्रेकफास्ट सॉसेज, म्हणजे मसाला लावलेला कच्चा पोर्क खिमा घ्या, आवरण नसलेला, मोकळा. बिडाची पसरट कढई मध्यम आचेवर तापवा, सॉसेज हाताने तोडून तिच्यात पसरा आणि तीन-चार मिनिटं त्याला हातही लावू नका. सगळी चव या तीन-चार मिनिटांत तयार होते. खालची बाजू खरपूस तपकिरी झाली, कढईला थोडं चिकटायला लागलं, की मग लाकडी उलथन्याने मोडत मोडत परता. दहाएक मिनिटांत गुलाबी रंग पूर्ण जाईल आणि तळाला चरबी सुटेल. ती ओतून देऊ नका. तीन टेबलस्पूनच्या आसपास असली की पुरे. कमी सुटली तर लोणी घाला, फारच जास्त असेल तर तेवढी वरची काढा.

आता 5 टेबलस्पून, म्हणजे साधारण 40 ग्रॅम मैदा त्या मांसावरच सगळीकडे भुरभुरा आणि दोन मिनिटं परता. कोरडं पांढरं पीठ कुठेही दिसता कामा नये. मग दूध, एकूण तीन कप, म्हणजे 720 मिली. पहिला अर्धा कप घालून कढईचा तळ उलथन्याने खरवडून घ्या. तळाला चिकटलेला तो तपकिरी थर दुधात उतरलाच पाहिजे. राहिलेलं दूध दोन-तीन वेळा करून घाला.

तुमची ग्रेव्ही कधी पातळ, कधी खळ होते त्याचं कारण बहुधा पुढच्या टप्प्यात आहे. मैद्यातलं स्टार्च साधारण 60 अंश सेल्सिअसपासून फुगायला लागतं, पण त्याचा पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ गेल्यावरच येतो. उकळी यायच्या आत ग्रेव्ही पातळच दिसणार. तेव्हा घाबरून कुणी वर आणखी मैदा टाकतं आणि पाच मिनिटांनी त्याची लापशी होते. उलट, उकळी फुटायच्या आधीच गॅस बंद केला तर पाणीदार ग्रेव्ही ताटात येते. बुडबुडे यायला लागले की आच मंद करा आणि ढवळत पाच मिनिटं शिजू द्या. पळीच्या पाठीवर थर बसतो, पण ग्रेव्ही अजून वाहते आहे, अशा वेळी उतरवा. ताटात ती आणखी घट्ट होते.

प्रश्न : पुण्यात ब्रेकफास्ट सॉसेज म्हणून जी पाकिटं मिळतात ती आधीच शिजवलेली, गुळगुळीत असतात. ती चालतील का? (पुणे)

नाही. ती कापून परतली तर चरबी सुटत नाही, आणि चरबी नाही तर मैदा परतायचा कशात? अमेरिकेतलं सॉसेज म्हणजे कच्चा, मसाला लावलेला पोर्क खिमा, आणि तो घरी दहा मिनिटांत होतो. खाटकाकडून 500 ग्रॅम पोर्क खिमा आणा. पाव भाग तरी चरबी हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर ‘चांगला’ खिमा म्हणून कोरडा खिमा हातात देतील. त्यात दीड टीस्पून मीठ, एक टीस्पून जाडसर कुटलेली काळी मिरी, दीड टीस्पून वाळवलेला सेज, अर्धा टीस्पून थाईम, अर्धा टीस्पून चिली फ्लेक्स, एक टीस्पून ब्राउन शुगर आणि चिमूटभर जायफळ घाला. हलक्या हाताने कालवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सेज वगळू नका. ब्रेकफास्ट सॉसेजची ओळखच त्या वासात आहे, आणि त्याऐवजी गरम मसाला घातला तर चविष्ट खिमा होईल, ही ग्रेव्ही होणार नाही.

दुधाचंही सांगते. अमेरिकेतल्या होल मिल्कमध्ये किमान 3.25 टक्के फॅट असतं. आपल्याकडच्या फुल क्रीम पिशवीत 6 टक्के, टोन्ड दुधात 3 टक्के. म्हणजे टोन्ड दूध त्या चवीच्या जास्त जवळ जातं. फुल क्रीम वापरलंत तर ग्रेव्ही जड होते. दोन्ही अर्धं-अर्धं मिसळलेलं मला सगळ्यात आवडतं.

प्रश्न : आमच्याकडे गोव्याचं सॉसेज नेहमी घरात असतं. त्याची ही ग्रेव्ही का करू नये? (मडगाव)

त्या सॉसेजमध्ये व्हिनेगर भरपूर असतं. दुधात ते गेलं की दूध फाटण्याची भीती असते, आणि नाही फाटलं तरी लाल मिरचीची आंबट-तिखट चव दुधाशी भांडते. तुमच्या सॉसेजला कांदा आणि पाव हीच जोडी शोभते. चोरीस-पाव सोडून त्याला दुधात बुडवण्यात त्याचा तोटाच आहे.

प्रश्न : गुठळ्या! कितीही फेटलं तरी राहतात. (ठाणे)

गुठळी झाल्यावर फेटून उपयोग नाही, ती होऊच द्यायची नसते. उकळत्या पाण्यात बेसन एकदम टाकलं की पिठल्याचं जे होतं, तेच इथे होतं. पिठाच्या गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजून बंद होते आणि आत कोरडं पीठ अडकतं. चरबीत मैदा परतला की कण न् कण वेगळा होतो, म्हणून ते दोन मिनिटांचं परतणं घाईत उरकू नका. पहिलं दूध थोडंच घाला, घट्ट लगदा होऊ द्या, तो गुळगुळीत झाल्यावरच पुढचं. मांस कढईतच असल्याने बारीक गुठळ्या दिसतही नाहीत, पण जिभेला कळतात.

प्रश्न : माझी ग्रेव्ही करड्या रंगाची आणि बेचव होते. मीठ वाढवलं तर खारट लागते. (डॅलस)

रंग करडा म्हणजे सॉसेज परतलं न जाता वाफेवर शिजलं. फ्रिजमधून काढलेलं थंडगार मांस छोट्या कढईत दाटीने भरलं की पाणी सुटतं आणि ते स्वतःच्याच पाण्यात उकळतं. मोठी कढई घ्या, नाहीतर दोन भागांत परता. नॉनस्टिक पॅनमध्ये तळाला तो तपकिरी थर धरत नाही, म्हणून तोही नको. मीठ मात्र शेवटीच, चाखून. सॉसेजमध्ये ते आधीच आहे आणि दूध आटताना ते आणखी जाणवतं. बेचव वाटत असेल तर बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती मिरी. ताजी, जाडसर कुटलेली मिरी एक सपाट टीस्पून तरी हवीच, त्यातली निम्मी उतरवल्यावर.

प्रश्न : आम्ही पोर्क खात नाही. घरात एक जण पूर्ण शाकाहारी आहे. (नाशिक)

चिकन खिमा चालतो, पण त्याला स्वतःची चरबी फार थोडी. वरचाच मसाला लावा आणि परतताना तीन टेबलस्पून लोणी घाला. शाकाहारी माणसासाठी बटण मशरूम बारीक चिरून, त्यांचं सगळं पाणी आटेपर्यंत आणि कडा तपकिरी होईपर्यंत लोण्यात परता. मग तोच सेज, तीच मिरी, पुढे सगळं तसंच. सोया चंक्स मी सुचवणार नाही, दुधात त्यांचा वास वर येतो. गहू चालत नसेल तर मैद्याऐवजी तांदळाचं बारीक पीठ घ्या.

प्रश्न : बिस्किटं घरी जमतील का, की टोस्टवरच भागवू? (बंगळूर)

टोस्टवर खुशाल ओता. पण बिस्किटं अवघड नाहीत. दक्षिणेत त्यासाठी मऊ गव्हाचं, कमी प्रथिनांचं पीठ वापरतात. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथे 1883 साली सुरू झालेलं व्हाइट लिली हे त्याचं प्रसिद्ध नाव. आपल्याकडे 2 कप मैद्यातले 3 टेबलस्पून काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला. त्यात 1 टेबलस्पून बेकिंग पावडर, पाऊण टीस्पून मीठ, आणि 85 ग्रॅम फ्रिजमधलं कडक लोणी बोटांच्या टोकांनी चुरून घाला. वाटाण्याएवढे खडे राहिले पाहिजेत. पाऊण कप थंड, दाट ताक घालून गोळा जमेपुरतंच कालवा. कणकेसारखं मळलंत तर बिस्किट दडदडीत होईल. हाताने थापा, तीन-चार वेळा घडी घाला, इंचभर जाड ठेवून वाटीने सरळ खाली दाबून कापा. वाटी फिरवली की कडा मिटतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं. ओव्हनमध्ये 220 अंश सेल्सिअसवर 15 मिनिटं.

प्रश्न : पाहुणे सकाळी लवकर येणार आहेत. रात्रीच करून ठेवू का? उरलेली किती दिवस टिकते? (न्यू जर्सी)

रात्री फक्त खिम्याला मसाला लावून ठेवा. ग्रेव्ही अर्ध्या तासात होते आणि ताजीच चांगली. उरली तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी ती वडीसारखी घट्ट झालेली दिसेल. मंद आचेवर पाव-पाव कप दूध घालत सोडवा आणि चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. मैद्याची ग्रेव्ही गोठून वितळली की पाणी सोडते आणि रवाळ होते.