1550 रेटिंग आणि कँडिडेट्स: आधी जागा किती ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरा वर्षांचा, बडोद्यात मांजलपूरला बुद्धिबळाच्या क्लासला जातो, रेटिंग (स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारा खेळाचा आकडा) 1550. गुकेश जगज्जेता झाल्यापासून त्याचा एकच धोशा आहे, कँडिडेट्स स्पर्धेला जायला किती रेटिंग लागतं? क्लासचे सर म्हणाले 2750. आता तुम्ही विचारताय की त्यासाठी आत्तापासून दर महिन्याला दोन-दोन रेटिंग स्पर्धा खेळवायच्या का.

सरांचा आकडा अगदीच चुकीचा नाही, पण 2026 च्या कँडिडेट्सच्या आठ जागांपैकी रेटिंगवर मिळणारी जागा एकच होती. बाकीच्या सात कुठे ना कुठे नंबर काढून मिळाल्या.

कँडिडेट्स म्हणजे आठ जण, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकूण चौदा फेऱ्या. पहिला येईल तो जगज्जेत्याला आव्हान देतो. 2026 चे आठ बघा. गोव्याच्या वर्ल्ड कपमधून पहिले तीन: सिंदारोव, वेई यी, एसिपेंको. समरकंदच्या ग्रँड स्विसमधून पहिले दोन: अनिश गिरी आणि मथियास ब्लूबाउम. वर्षभरातल्या निवडक चांगल्या स्पर्धांचे गुण जोडून फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) सर्किट होतं, त्यातून 2024 साठी कारुआना आणि 2025 साठी आपला प्रज्ञानंद. रेटिंगवर आला तो एकटा नाकामुरा.

त्यातला ब्लूबाउम मुलाला नीट समजावून सांगा. ग्रँड स्विसला बसला तेव्हा त्याचं रेटिंग 2700 च्याही खाली होतं. अकरा फेऱ्यांनंतर त्याचे आणि अलीरेझा फिरूझाचे गुण सारखेच, साडेसात. फिरूझा रेटिंगने कितीतरी वरचा, पण टायब्रेक (गुण सारखे असले की नंबर ठरवायचा निकष) ब्लूबाउमचा सरस निघाला आणि जागा त्याला मिळाली. तुमच्या सरांच्या हिशेबात हा माणूस यादीत यायलाच नको होता.

आपला नाशिकचा विदित गुजराथी तर 2023 ची ग्रँड स्विस पहिल्याच फेरीत हरून बसला होता. पुढच्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण काढले, स्पर्धा जिंकली आणि टोरोंटोच्या कँडिडेट्सला गेला. पहिली फेरी हरली की पोरं रडून घरी जायचा हट्ट धरतात, त्यांना मी हा किस्सा सांगतो. (आयांना सांगितला तर जास्त उपयोग होतो, असा अनुभव आहे.)

आणि ती एक रेटिंगची जागा? तिच्यापायी काय काय होतं ते बघा. नाकामुरा तेव्हा जगात दोन नंबरचा खेळाडू. पण त्या जागेसाठी किमान चाळीस डाव खेळलेले असावे लागत होते, म्हणून तो अमेरिकेतल्या लुइझियाना आणि आयोवातल्या स्थानिक स्पर्धांत जाऊन बसला. सचिनने पोलो ग्राउंडवर टेनिस बॉलची मॅच खेळावी तसं. नियमात बसतं, पण बघायला विचित्र. त्याआधी 2023 च्या डिसेंबरात फिरूझासाठी ऐनवेळी सामने ठरवले गेले, त्यावर गदारोळ झाला, मग तो फ्रान्समधल्या रूआँच्या स्पर्धेत सातपैकी सात करून आला आणि जागा मिळवली.

आता गुकेश. त्याच वर्षाअखेरीला चेन्नईत घाईघाईने स्पर्धा भरली. गुकेश आणि अर्जुन एरिगैसी दोघांचे सातपैकी साडेचार. टायब्रेकवर गुकेश पहिला, त्या गुणांवर सर्किटची जागा त्याच्याकडे आली. एप्रिल 2024 मध्ये टोरोंटोत चौदापैकी नऊ गुण, मागच्या तिघांपेक्षा फक्त अर्धा गुण जास्त. डिसेंबरात सिंगापूरला तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनला हरवून तो अठराव्या वर्षी जगज्जेता. चेन्नईत टायब्रेक उलटा फिरला असता तर कदाचित आज तुमच्या मुलाने वेगळाच प्रश्न विचारला असता.

हे सगळं इतकं पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. माझी मुलगी बारा वर्षांची असताना जिल्हा निवड स्पर्धेला बसली होती. सात फेऱ्या, पहिल्या चार मुली राज्य स्पर्धेला. शेवटच्या फेरीआधी तिचे साडेचार गुण. मीच शहाणपणा करून सांगितलं, ‘ड्रॉ घे, पाच पुरतील.’ समोरचीलाही ड्रॉच हवा होता. चौदा चालींत हस्तांदोलन करून दोघी बाहेर आल्या आणि आम्ही खुशाल सेव उसळ खायला गेलो. परत आलो तर भिंतीवर निकालाचा कागद चिकटवलेला. पाच गुणांवर तिघी, आणि जागा दोनच. बुखोल्झमध्ये (आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज, हा टायब्रेक) माझी मुलगी तिसरी, म्हणजे एकंदरीत पाचवी. पहिल्या दोन फेऱ्यांत तिने हरवलेल्या मुली पुढे हरतच गेल्या होत्या, त्यामुळे तिचा बुखोल्झ हलका पडला होता. चौथ्या फेरीनंतर कागदावर एकदा नजर टाकली असती तरी मला ते कळलं असतं. तिचं रेटिंग त्या चौघींपैकी दोघींपेक्षा जास्त होतं. दांडिया बाजारपर्यंत स्कूटरवर मागे बसून ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, ‘बाबा, माझा घोडा चांगला होता. मी खेळले असते.’

तेव्हापासून मी कुणालाही शेवटच्या फेरीत काय करायचं ते सांगत नाही.

आता मुलाच्या रेटिंगबद्दल. त्या आकड्याचं फार कौतुक करू नका आणि धसकाही घेऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलांचा के फॅक्टर 2300 पर्यंत चाळीस असतो, म्हणजे आपल्याच रेटिंगच्या मुलाला हरवलं की वीस गुण वर, हरलं की वीस खाली. एका वाईट स्पर्धेत शंभर गुण जाऊ शकतात. शिवाय मार्च 2024 मध्ये फिडेने 2000 खालची सगळी रेटिंगं एकदाच वर उचलली. माझा भाचा रात्री 1250 चा झोपला आणि सकाळी 1550 चा उठला. पेढे वाटायला निघाला होता.

म्हणून महिन्याला दोन रेटिंग स्पर्धा नकोत. वर्षात त्याच्या वयोगटाची जिल्हा आणि राज्य निवड ह्या दोन तारखा आधी कॅलेंडरवर लिहा, बाकीच्या स्पर्धा त्यांच्या तयारीसाठी. तिथून राष्ट्रीय, तिथून आशियाई आणि जागतिक युवा स्पर्धा. ही शिडी नंबरांची आहे. नागपूरची दिव्या देशमुख 2025 च्या महिला वर्ल्ड कपला बाटुमीला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नव्हता. अंतिम फेरी गाठली तेव्हाच महिला कँडिडेट्सची जागा पक्की झाली, आणि अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीला टायब्रेकच्या जलद डावांत हरवलं तेव्हा एका झटक्यात किताबही मिळाला.

परदेशातल्या ओपनला (खुल्या स्पर्धेला) न्यायचा जो विचार तुम्ही शेवटी लिहिलाय तो 2000 ओलांडेपर्यंत बाजूला ठेवा. त्या पैशात वर्षभर चांगला कोच मिळेल. आणि पुढच्या निवड स्पर्धेचं परिपत्रक आलं की आधी दोनच ओळी शोधा: किती जणांची निवड, आणि टायब्रेकचा क्रम काय. फोटो इथे टाका, मी वाचून सांगतो. तो क्रम मुलालाही पाठ करायला लावा, पण डावाच्या मध्ये आठवू नकोस म्हणावं.