सोयाबीनचा तांबेरा: फवारणी अंदाज आणि पान बघून करा, दुकानदाराला विचारून नको

प्रश्न (निपाणी, कागवाड, अथणी भागातून आलेले, एकत्र करून): सोयाबीन फुलोऱ्यात आहे, आभाळ भरून आलंय. दुकानदार म्हणतो तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) येणारच, आत्ताच डबल डोस मारा. मोबाईलवरचा हवामान अंदाज आमच्या शिवाराला लागू पडत नाही. काय करावं?

उत्तर: डबल डोस मारायचा नाही.

अंदाज लागू पडत नाही, कारण बऱ्याचदा तो तुमचा नसतोच. मराठीत वाचायला सोपं म्हणून कोल्हापूरचं हवामान पत्रक आपल्या ग्रुपवर फिरतं आणि अथणीतला शेतकरी त्यावर फवारणी ठरवतो. निपाणीला एकवेळ चालेल. पण अथणी पर्जन्यछायेत, तर खानापूरचं कणकुंबी घाटमाथ्यावर. एकाच बेळगाव जिल्ह्यात पावसाचा एवढा फरक. ‘मेघदूत’ ॲपमध्ये जिल्हा बेळगाव निवडा. मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा सल्ला येतो. कन्नड अडत असेल तर घरातल्या पोरांना वाचायला लावा, शाळेत शिकलीत ती.

सलग ढग, भुरभुर, रात्री गारवा आणि सकाळी उशिरापर्यंत ओली पानं, हे तांबेऱ्याचं हवामान. पण नुसत्या हवामानावर पंप उचलायचा नाही. प्लॉटात जा, बांधावरून बघू नका. खालची पानं उलटा. मागच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे तांबूस फोड असतील, बोटानं पुसल्यावर विटकरी भुकटी लागत असेल, तर तांबेरा. भुकटी लागत नसेल तर थांबा. ते जिवाणूचे ठिपके असतील, तर त्यावर बुरशीनाशक ओतून काही होत नाही.

तांबेरा दिसला तर हेक्साकोनाझोल ५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरला १ मिली. १५ लिटरच्या पंपाला १५ मिली, एकरी २०० लिटर पाणी. दुकानदार ४० मिली सांगेल, वर टॉनिक आणि अळीचं औषध एकाच पंपात घालायला लावेल. ऐकू नका. हेक्साकोनाझोल जास्त झालं की झाड खुजं राहतं, शेंडा आखडतो. मग ‘वाढ थांबली’ म्हणून तोच दुकानदार आणखी एक बाटली देतो. हे मी गावोगाव बघतोय. पुन्हा सांगतो, १ मिली म्हणजे १ मिली. झाकणानं अंदाजे ओतू नका, मापटं वापरा.

वेळेचंही तेच. ‘पाऊस येतोय, त्याआधी मारून घ्या’ हा सल्ला औषध गटारात घालवतो. दव सुकल्यावर, वारा कमी असताना आणि पुढचे पाच-सहा तास उघडीप असेल तरच फवारा. गरज पडली तर १५ दिवसांनी दुसरी. शेंगा भरून पानं पिवळी पडायला लागली की पंप बंद. तेव्हा मारलेलं औषध फक्त दुकानाचं बिल वाढवतं.

आता माझ्या आग्रहाची गोष्ट. पहिला ठिपका कुठं दिसला हे गावाला कळलं पाहिजे. तांबेऱ्याचे बीजाणू (रोग पसरवणारे बारीक कण) वाऱ्यावर जातात. कृष्णाकाठचं उगार खुर्द हे त्याचं जुनं ठिकाण. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला तर जागा कळत नाही, म्हणून पाठोपाठ लोकेशन पाठवा. घरी चहा पिताना नाही, प्लॉटात उभं राहून. सोबत पेरणीची तारीख आणि वाण लिहा. नकाशावर अशा खुणा जमल्या की वाऱ्याच्या दिशेच्या गावांना आधी सावध करता येतं, आणि ज्यांच्याकडे रोग नाही त्यांची फवारणी वाचते.

पीक विम्याबद्दल थोडक्यात: ७२ तासांत कळवायची अट गारपीट, पाणी तुंबणं अशा स्थानिक आपत्तीसाठी आहे, तांबेऱ्याची वैयक्तिक तक्रार त्यात बसत नाही. बेळे समीक्षेत (कर्नाटक सरकारच्या पीक पाहणीत) पीक बरोबर नोंदवलंय का, तेवढं तपासा.

पुढच्या हंगामाला नदीकाठच्या पट्ट्यात जेएस ३३५ हा वाण पेरू नका. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ तांबेऱ्याला टिकतो. बियाण्याची चौकशी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात मे महिन्यातच करा, जूनमध्ये रांग लागते.