लेकीचं प्रमोशन आणि तिची झोप

(बीड जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. मुलगी 27 वर्षांची, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली. चार वर्षं एका संस्थेच्या बाल संरक्षण कार्यक्रमात फिल्डवर आहे. संस्था तिला आता सहा सामाजिक कार्यकर्त्यांवर पर्यवेक्षक नेमते आहे आणि ती नको म्हणते. ‘तिला समजवा, नाहीतर एमपीएससीला तरी बसवा,’ असं वडिलांचं म्हणणं.)

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या पत्रात नवं पद आहे, वाढीव पगार आहे, संभाजीनगरचं स्थळ आहे आणि ‘सुपरवायझर’ ऐकून त्या मंडळींना किती बरं वाटलं, तेही आहे. मुलीबद्दल मात्र दोनच ओळी आहेत. ‘हल्ली रात्र रात्र जागी असते. विचारलं तर काही सांगत नाही, फोन आला की ताटावरून उठते.’ तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंय. मला वाचताना काळजी वाटली ती याच ओळींची, म्हणून पदाचं नंतर बोलू.

ती सांगत नाही, कारण तिला सांगता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानं मुलाची गोपनीयता हे मूळ तत्त्वच मानलंय. दिवाळी झाली की तुमच्या भागातून कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, बाहेर पडतात, मागे आजीपाशी मुली राहतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते, म्हणून कारखान्याला निघण्याआधी लग्नं उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या 43.7 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, परभणीत 48 टक्के. आपण हे पेपरात वाचतो. तुमची लेक त्यातल्या कुणाच्या तरी दारात उभी असते आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईजवळही ते बोलू शकत नाही, कारण पुढच्या वस्तीवर तुमचेच पाहुणे राहतात.

मग तिनं बोलायचं कुणाशी? याच कामासाठी पर्यवेक्षक असतो. आणि तुम्हीच लिहिलंय, ‘तिचे साहेब महिन्यातून एकदा येतात, रिपोर्ट घेऊन जातात.’ म्हणजे चार वर्षं तिला खरं पर्यवेक्षण मिळालेलंच दिसत नाही. जे तिला कुणी दिलं नाही, ते तिनं उद्यापासून सहा जणांना द्यायचं. ती नको म्हणते त्यात मला भित्रेपणा दिसत नाही. या पदात काय करावं लागतं, ते तुमच्या घरात तिला एकटीलाच कळलंय असं मला वाटतं.

तुमचा मोठा गैरसमज इथेच आहे. तुम्ही ओळखीच्या मुख्यसेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका) बाईंचं उदाहरण दिलंय: येतात, रजिस्टर बघतात, सही करून जातात, ‘आमच्या पोरीलाही असंच बसून काम मिळेल.’ एक तर अंगणवाडी पर्यवेक्षिकेचं कामही तेवढंच नसतं. आणि दुसरं, ती योजनाच वेगळी. ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना, 1975 सालापासूनची. पोषण, लसीकरण, शाळापूर्व शिक्षण हा तिचा गाभा. तुमच्या लेकीचं क्षेत्र बाल संरक्षणाचं. इथं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत पुरा करावा लागतो. मूल घरी राहणार, नातेवाइकांकडे जाणार की बालगृहात, याचा निर्णय समिती बऱ्याच अंशी त्या अहवालावरून करते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच सांगतो. तो कागद कार्यकर्तीच्या हातून समितीकडे जाण्याआधी पर्यवेक्षकानं विचारायचं असतं: मुलाशी एकट्यात बोललीस का? मामाचं घर बघितलंस का, की फोनवरच विचारलंस? बाप दारुडा आहे हे शेजाऱ्यानं सांगितलं की तू पाहिलंस? यात चूक झाली तर एखादं मूल उगाच वर्षानुवर्षं बालगृहात राहतं, किंवा जिथून सोडवलं तिथंच परत जातं. रजिस्टरवरच्या सहीनं हे भागत नाही.

शिवाय माणसं सांभाळायची. बालविवाह थांबवायला नवख्या मुलीला एकटीला पाठवायचं नाही. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्यानं ग्रामसेवक आणि सोबत पोलीस आहेत ना, ते आधी बघायचं. कुणाकडे केसेस तुंबल्यात ते ओळखायचं. अत्याचाराची केस हाताळून आलेल्या कार्यकर्तीला त्याच दिवशी समोर बसवून घ्यायचं, फॉर्म नंतर भरले तरी चालतात. हे सगळं फिल्डपेक्षा हलकं आहे असं समजून कुणी या खुर्चीत बसू नये.

आता स्थळाबद्दल. माफ करा, पण स्पष्ट लिहिते. पाहुण्यांना हुद्दा सांगता यावा म्हणून तिनं सहा कार्यकर्त्यांची आणि त्यांच्या हातातल्या मुलांची जबाबदारी घ्यावी, ही मागणी चुकीची आहे. लग्न तिला करायचंय की नाही, हेही पत्रात कुठे नाही.

एमपीएससीतून बाल विकास प्रकल्प अधिकारी होता येतं, रस्ता चांगला आहे, पण झोप हरवलेल्या माणसानं अभ्यासिका लावण्याची ही वेळ नव्हे. तिच्याच क्षेत्रात सरकारकडे जायचं म्हटलं, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं कंत्राटी आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत सामाजिक कार्यकर्त्याला 18,536 आणि संरक्षण अधिकाऱ्याला 27,804 रुपये महिना धरलेत. पैशाची तुमची काळजी खरी आहे, ती मी खोटी ठरवत नाही.

माझ्या मते तिनं सध्या हे पद घेऊ नये. कायमचा नकारही कळवू नये. संस्थेला लेखी विचारावं की माझं पर्यवेक्षण कोण करणार, किती दिवसांनी, आणि माझ्या आत्ताच्या केसेस कुणाकडे जाणार? नव्या पदाबरोबर जुन्या केसेसही तिच्याच गळ्यात राहणार असतील, तर ती बढती नाही, दुप्पट काम आहे. उत्तरं ठीक आली तर आधी दोघा कार्यकर्त्यांपासून सुरुवात करून बघावी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतला ‘संवाद’ हा उपक्रम बाल संरक्षणात काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो, तो तिनं जरूर पाहावा.

पण त्याआधी झोपेचं बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं तर अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तिच्याबरोबर जा, पण ती आत बोलत असताना तुम्ही बाहेर थांबा. घरात केसबद्दल विचारू नका. ‘आज फार दमलीस का?’ एवढं विचारलंत तरी तिला उत्तर देता येईल. आणि महिनाभर तरी पद आणि स्थळ हे दोन्ही विषय जेवताना काढू नका.

हे उत्तर तिला वाचायला द्या. तिचं म्हणणं वेगळं असेल तर तिनं स्वतः मला लिहावं. पुढचा सल्ला मी तिच्याशी बोलूनच देईन.