डोंबिवलीहून दोन दिवसांत, कमी खर्चात अलिबाग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नवरा-बायको, कॉलेजातली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघं जण आहात. गाडी नाही, सहा-सात हजारांत सगळं बसवायचंय आणि अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला आत जाऊन बघायचाच आहे. माझं माहेर अलिबागचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैशाचं नंतर बघू, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. अलिबागला बहुतेक लोक शनिवार-रविवार बघून येतात आणि तिथी बघत नाहीत. मग ऐन फिरायच्या वेळी भरती असते, किल्ला समोर पाण्यात दिसत राहतो आणि मंडळी किनाऱ्यावर भेळ खाऊन परत जातात.

आमच्याकडे भरतीचा हिशेब तोंडी करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ते पूर्ण भरतीचे वाजले. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या पुढे-मागे भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी पार मागे गेलेलं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. थोडाफार फरक पडतो, तेव्हा नेमकी वेळ मोबाईलवर भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण कुठला आठवडा धरायचा हे ठरवायला पाऊणपट पुरते.

यातली एक खोच लक्षात ठेवा. अष्टमीच्या हिशेबाने ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ छान वाटते. पण तेव्हा भांग असतो, म्हणजे छोटी भरती-ओहोटी. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर राहू शकतं. सासूबाईंना घेऊन ते नको. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतर तीन-चार दिवस, पाणी लांबवर ओसरतं. म्हणून माझं मत विचाराल तर तृतीया, चतुर्थी किंवा पंचमीची सकाळ धरा, आणि तीही सोमवार ते गुरुवारात येईल अशी. महिन्यातून दोनदा ही संधी येते, एकदा तरी जमेलच.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी वाळूत उतरा. चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला वाळू घट्ट आहे, पुढे खडक लागतात आणि त्यांवर कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या असतात. त्यांची धार सुरीसारखी, त्यात मध्ये मध्ये शेवाळ. अनवाणी किंवा गुळगुळीत चपलेत जाऊ नका, पट्ट्याच्या सँडल हव्यात. सासूबाईंना घोडागाडीने न्या. भाडं जाऊन-येऊन आहे ना आणि आत किती वेळ थांबणार, हे बसण्याआधीच बोलून घ्या. किल्ल्याचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट माणशी २५ रुपये आहे.

आत गेल्यावर बहुतेक जण राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या गणपती पंचायतनाचं दर्शन घेतात आणि मागे फिरतात. तुम्ही तटाकडे जा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेत. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो, भिंतीवर सगळा मार बसत नाही. बोटं घालून बघा त्या फटींत. चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, तीही बघा. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या कारखान्यातल्या. हे सगळं करूनही ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडा. रखवालदार शिट्टी मारायला लागले की फोटो पुरे.

आता खर्च. तुमच्या घरात तीन बायका आहेत ही मोठी जमेची बाजू. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे चौघांचं भाडं अडीच माणसांचं. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरने पनवेल आणि पनवेलहून अलिबागची एसटी, हा सगळ्यात स्वस्त रस्ता. तरी एका बाजूने बोट कराच, मुलीसाठी. गेटवेहून मांडव्याला तासाभरात पोचता आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बहुधा त्याच तिकिटात असते, काढताना विचारा. अर्थात बोट एसटीपेक्षा महाग आणि तिथे अर्धं तिकीट नाही. म्हणून जाताना बोट, येताना एसटी. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा हा बेत सप्टेंबरनंतरचा समजा.

राहायला स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट बघू नका. समुद्राला आलात आणि क्लोरीनच्या पाण्यात डुंबलात, हे मला तरी कळत नाही. शहरात किनाऱ्याजवळ किंवा वरसोलीला वाडीतल्या घरगुती खोल्या मिळतात. एसी नको म्हणा, चौघांना एकच मोठी खोली मागा आणि फोनवर वाराचा उल्लेख करून दर ठरवा. शनिवारी तीच खोली दीडपट-दुप्पट होते. तुमच्या बजेटचा जीव इथेच आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर सहा-सात हजारांत बसेल, शनिवारी बसणं अवघड.

जेवणात सुरमई आणि पापलेटची थाळी टाळा. ती डोंबिवलीतही मिळते. ताजे बोंबील, मांदेली, बांगडा मागा, चवीला कमी नाहीत आणि निम्म्यात भागतं. जिताडा मासा अलिबागची शान खरा, पण दर विचारूनच हो म्हणा. थंडीत गेलात आणि खोलीवाल्यांनी पोपटीचं विचारलं तर नाही म्हणू नका. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी भांबुर्ड्याचा पाला घातलेल्या मडक्यात भरून ते जाळात भाजतात. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून झाल्यावर मिनीडोरने, म्हणजे मोठ्या रिक्षाने, चौल-रेवदंडा करा. विक्रम-मिनीडोर शेअरमध्ये मिळतात, स्पेशल करायची गरज नाही. चौलच्या रामेश्वराच्या देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. दुष्काळ पडला की पर्जन्यकुंड उघडायची पद्धत होती. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा पडका कोट आणि शांत किनारा. पलीकडचा कोर्लईचा किल्ला सुंदरच आहे, पण चढ आहे, यावेळी सोडा. शहरात परतल्यावर कान्होजी आंग्र्यांची समाधी बघायला पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी किल्ला, अंघोळी, जेवण आणि दोन-अडीचची एसटी. संध्याकाळवर ढकलू नका, वाटेत वडखळला गाड्या तुंबल्या की पनवेल कधी येईल ते सांगता येत नाही. फेब्रुवारी ते मे असेल तर स्टँडवर जाण्याआधी पांढऱ्या कांद्याची एक माळ घ्या. वेणीसारखी घट्ट विणलेली आणि कांदा दाबून कडक लागणारी बघा. घरी गेल्यावर वाऱ्याला टांगून ठेवली तर बरेच महिने टिकते.