आबांची यादी

लाडक्या मनूस,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, लग्नाचा सगळा खर्च तुम्हीच का करायचा? मी काय तुमच्या डोक्यावरचं ओझं आहे?" मी 'आपल्यात तसंच असतं' म्हणून विषय बदलला. पण ते शब्द मनातून जाईनात, म्हणून लिहितोय.

आक्काआत्याचं लग्न 1984 साली ठरलं, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. कराडच्या घरी सोप्यात जाजम अंथरलेलं, दोन्हीकडची माणसं बसलेली, आणि मामा यादी लिहीत होते. मंडप, आचारी, वाजंत्री, नवऱ्यामुलाचा पोशाख, करवलीची साडी. एकेक बाब मोठ्यानं वाचायची आणि बहुतेक ओळींपुढे 'मुलीकडून' लिहायचं. मानपानाच्या साड्यांवरून आवाज चढले, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "असू दे, लिहा." मग कागदाला हळदकुंकू लागलं, सह्या झाल्या, पेढे वाटले. चार माणसांसमोर ठरलं की मागून कुरबुर नको, हे मला तेव्हाही पटायचं, आजही पटतं. आबांनी आनंदानं केलं, यातही शंका नाही. मात्र त्या वर्षीचं उसाचं बिल आलं तसं गेलं, आणि आजीच्या हातात पाटल्या पुन्हा दिसल्या नाहीत.

आबा गेल्यावर 2006 साली आपण गावी गेलो होतो. तू चार वर्षांची. कचेरीतल्या बाकावर आक्काच्या मांडीवर बसून तू चिक्की खात होतीस, आणि तुला सावरत तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "तिच्या लग्नात केलंय की आबांनी!" आक्का म्हणाली, "मला माहेर राहू दे, रान नको." मी गप्प बसलो. सातबारावर माझं एकट्याचं नाव लागलं. बावीस वर्षांपूर्वीच्या पंगती तिच्या वाट्यातून वजा झाल्या, मनू, आणि तो वाटा मी घेतला.

म्हणून तुझा प्रश्न झोंबला. तुम्ही दोघं, आम्ही आणि टॉमच्या घरचे, असे तीन भाग करायचे म्हणालीस, तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं होतं. लेकीच्या लग्नात कसला हिशेब! पण हिशेब तर आबांच्या सोप्यातही झालाच होता, आणि पुढं तो आक्काकडूनच वसूल झाला.

तुमचं ठरेल तसं करू. फक्त जेवण माझ्याकडे ठेवता आलं तर बघ. हट्ट नाही. चारशे पानं उठली काय आणि चाळीस उठली काय, तुझ्या वाट्याशी त्याचा संबंध नाही, हे मी आधीच लिहून देतो.

आक्काला रानाबद्दल मी या आठवड्यात फोन करतोय. टॉमच्या आईबाबांशी खर्चाचं तू बोलतेस, की मी बोलू?

तुझा,
बाबा