बाहुल्या चालवून पोट भरतं का? नाटक, टीव्ही, सिनेमा तिन्हीकडचं सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही नांदेडला नाटक शिकायलात, पपेट्रीचा नाद लागलाय, तर एकच माणूस नाटक, टीव्ही आणि सिनेमा तिन्हीकडं बाहुल्या चालवू शकतो का आणि त्याच्यावर घर चालतं का.

चालतं. पण आधीच सांगतो, माझं घर बाहुली चालवण्यापेक्षा जास्त ती बनवण्यावर आणि दुसऱ्याची मोडलेली दुरुस्त करण्यावर चालतं. मी अंबाजोगाईकडचा. वर्षाचा गल्ला म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या गॅदरिंग, मग गणपती-नवरात्रातले थोडे प्रोग्रॅम, मधी एखादी सरकारी जनजागृती (पाणी वाचवा, लसीकरण, शौचालय, तंबाखू, जे त्या वर्षी चालू असंल ते), आणि मुंबईहून फोन आला तर टीव्ही नाहीतर सिनेमा. सरकारी कामात एक लक्षात ठेवा, प्रोग्रॅम तालुक्याला होतो, बिल जिल्ह्याला अडकतं, त्यामुळं ते पैसे आले असं धरून किराणा भरू नका.

आता तिन्हीकडचा फरक. लोक सांगतात टीव्हीवर बारीक काम, स्टेजवर मोठं काम वगैरे, ते आहेच, पण मला विचाराल तर काम तिन्हीकडं एकच आहे, बाहुली कुठं बघती ते ठरवणं. तोंड नंतर, हात त्याहून नंतर. बाहुली बरोबर जागी बघायला लागली की लेकरं तिच्याशी बोलायला लागतात, नाहीतर नुसतं कापड. बदलतं ते हे, की तिची नजर लावताना तुम्ही स्वतः कुठं बघायचं.

नाटकात तुम्ही बाहुलीकडं बघता. आमच्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत स्टेज म्हणजे बऱ्याचदा बाज उभी करून तिच्यावर चादर, मागं आम्ही दोघं, डोक्यावर पत्रा आणि समोर खाली बसलेली पोरं. भर दुपारी अंधार करायचा म्हणाल तर विसरा, लाईटचा भरवसा नाही म्हणून म्युझिक पण मोबाईलवर आणि ब्लूटूथ स्पीकर चार्ज करून. अशात हात सरळ वर धरला की बाहुली आपोआप आभाळाकडं बघती, कारण मनगट दमलं की मागं पडतं. पोरं खाली बसलेली असतात, म्हणून मनगट पुढं वाकवून धरावं लागतं आणि ते पूर्ण शो धरणं हीच खरी मजुरी. दुसरं म्हणजे हात दमला की बाहुली हळूहळू चादरीआड बुडायला लागती, सुरुवातीला कमरेपर्यंत दिसणारा पाटील शेवटी नुसता फेटा उरतो.

तोंडाचं पण सांगून टाकतो. मोठ्या तोंडाची हातबाहुली असंल तर बोलताना अंगठा खाली न्यायचा, वरची चार बोटं उचलायची नाहीत, नाहीतर प्रत्येक शब्दाला डोकं मागं उलटतं. आणि अक्षरागणिक उघडझाप नको, उच्चाराच्या ठोक्याला एकदा. ‘काहून रं’ ला तीनदा, का, हून, रं. ‘नमस्कार’ ला पण तीनदाच. आमचे काही भाऊ असे चालवतात की बाहुली चणे खायलीय असं वाटतं.

टीव्हीची गोष्टच वेगळी. जिम हेन्सन नावाच्या बाहुलीवाल्यानं १९५५ मध्ये अमेरिकेत लोकल टीव्हीवर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ सुरू केलं तेव्हा बाहुल्यांसाठी वेगळा छोटा स्टेज ठेवलाच नाही, टीव्हीची चौकट हाच स्टेज धरला. पुढं १९६९ ला लेकरांसाठीचं ‘सेसमी स्ट्रीट’ आलं, आपल्याकडं २००६ ला त्याचंच ‘गली गली सिम सिम’, त्यातली चमकी नावाची बाहुली बघत आपल्याकडची पण लेकरं मोठी झाली. तर टीव्हीत तुम्ही बाहुलीकडं बघतच नाही. तुम्ही खाली, चाकाच्या पाटावर नाहीतर बुटक्या स्टुलावर, हात वर, आणि डोळे समोरच्या मॉनिटरवर, कारण बघणाऱ्याला जे दिसणार तेच तुम्हाला दिसलं पाहिजे. भानगड अशी की मॉनिटर आरशासारखा नसतो. तुम्ही हात उजवीकडं नेला की चित्रात बाहुली डावीकडं जाती. थिएटरची भली भली माणसं इथं पहिल्या दिवशी गरगरतात.

बाहुलीला जर दोन्ही खरे हात असतील (म्हणजे माणसाचा पंजा आत घालून वस्तू उचलणारे), तर मुख्य माणूस एका हातानं डोकं आणि दुसऱ्यानं बाहुलीचा डावा हात बघतो आणि उजवा हात दुसरा कुणीतरी चालवतो. मी मुंबईत बहुतेक वेळा तो ‘दुसरा कुणीतरी’ होतो. दुसऱ्याच्या काखेत डोकं घालून दिवसभर उभं राहायचं, आणि तो श्वास घेईल तेव्हा आपला हात पण थोडा हलला पाहिजे, नाहीतर बाहुलीचा हात शेजारणीचा वाटतो. नाव कुठं येत नाही. पण शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही, मिळालं तर लाजू नका. जपानच्या बुनराकू नावाच्या बाहुलीनाट्यात पण एका बाहुलीला तीन माणसं, एक डोकं आणि उजवा हात, एक डावा हात, एक पाय, आणि शिकणारा पायापासून सुरू करतो, डोक्यापर्यंत यायला वर्षानुवर्षं जातात. मुंबईत पैसे शिफ्टवर, आणि हातात यायला नव्वद दिवस हा तिथला रिवाजच आहे, तेवढं गाठीला ठेवून जा.

सिनेमात सगळं तुकड्यात. आपल्याकडं सिनेमातली बाहुली म्हणलं की तात्या विंचू, १९९३ चा ‘झपाटलेला’, महेश कोठारेंचा, बाहुला रामदास पाध्येंचा. लिज्जत पापडाचा ससा पण त्यांचाच, आणि वडील य. के. पाध्येंचा अर्धवटराव हा बोलका बाहुला ते पुढं चालवत आले. आता पाध्येंचं मूळ काम शब्दभ्रमाचं, म्हणजे माणूस समोर दिसतो आणि ओठ न हलवता बाहुलीचा आवाज काढतो, आमचं काम लपून. हे दोन्ही एकच समजून लोक मला लग्नात पोटातून आवाज काढायला लावतात. असो.

सिनेमाच्या शॉटमध्ये बाहुली चार सेकंद मान वळवती आणि त्यासाठी अर्धा दिवस. कधी पलंगाला भोक पाडून खालून हात, कधी सेटच उंच बांधलेला. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९८० च्या सिनेमात योडा हे बुटकं पात्र फ्रँक ऑझनं असाच सेटच्या खालून चालवला होता. हल्ली हिरवे कपडे घालून उघड्यावरच उभं राहायचं, बाहुली हलवायच्या काड्या आणि आम्ही दोन्ही नंतर कॉम्प्युटरवर पुसतात. मग काही जण म्हणतात आता बाहुली लागतेच कशाला. लागती, कारण समोरच्या नटाला बघायला काहीतरी पाहिजे. काठीला चिकटवलेल्या टेनिस बॉलकडं बघून रडणं सोपं नाही, म्हणून पुढं सगळं कॉम्प्युटरनं करायचं असलं तरी कधीकधी रिहर्सलला बाहुली ठेवतात. तिथं मी ना बाहुलीकडं बघतो ना मॉनिटरकडं, नटाच्या डोळ्यांकडं बघतो, त्याची नजर जिथं जाईल तिथं बाहुलीचे डोळे न्यायचे. रोजचे पैसे तिन्हीत इथं चांगले, पण असे दिवस वर्षातून किती येतात हे विचारू नका.

घरचे म्हणतील हे काय पोरखेळ, तर त्यांना सांगा, ज्ञानेश्वरीत सायखड्याच्या बाहुलीचा दृष्टान्त आहे, म्हणजे सूत्रावर चालणारी बाहुली तेव्हाच्या लोकांना ओळखीची होती. चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या, जुन्या चित्रांना पैठण शैली म्हणतात, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातल्या गावाचं नाव. जिवंत परंपरा बघायची असंल तर कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला जा, ठाकर समाजाच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिथं आहेत, परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आणि तुम्ही उद्या बीएड करून शिक्षक झालात तर सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची शिक्षणातल्या पपेट्रीची वर्कशॉप असतात, आपल्याकडचे जिल्हा परिषदेचे बरेच गुरुजी-बाई जाऊन येतात. पगार चालू ठेवून बाहुल्या, मला तर हा रस्ता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, मी नाही घेतला तो भाग वेगळा.

बनवायला शिकाच. गादीवाल्याकडं उरलेला फोम स्वस्तात मिळतो, हातांना मोडक्या छत्रीच्या काड्या, तोंडाला आत पातळ प्लायवूड. पांढरा फेव्हिकॉल फोमला लावू नका, वाळून कडक होतो आणि तडकतो, सोफावाले वापरतात तो पिवळा रबरी गोंद घ्या. मे महिन्यात बाहुल्यांची पेटी एसटीच्या टपावर टाकली तर तोही सुटतो, पेटी मांडीवर घ्यायची. डोळे अगदी सरळ समोर बघणारे चिकटवू नका, बुबुळं किंचित नाकाकडं ठेवली तरच ती कुणाकडं तरी बघतीय असं वाटतं.

सरावाला बाहुली नसंल तर नुसता हात चालतो, पंजाचं तोंड करून दोन बोटांच्या मधी दोन मणी बांधा. नाटकासाठी आरशापुढं करा. टीव्हीसाठी आरसा नको, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा पण नको, तो पण आरशासारखंच उलटं दाखवतो. मागचा कॅमेरा तुमच्याकडं करून स्क्रीन घरच्या टीव्हीवर टाका आणि त्याच्यात बघत बातम्यांच्या आवाजावर तोंड चालवा, पहिल्या आठवड्यात डोकं दुखंल, मग डावं-उजवं आपोआप बसतं. खांद्याला त्रास झाला तर थांबा, खांदा गेला की धंदा गेला.